सकाळचा सूर्य दुर्बिणीतून: खानदेशात सूर्यनिरीक्षण कसं भरवावं

खानदेशात उन्हाला तोटा नाही. तोटा असतो तो शांत हवेचा. दहानंतर काळी जमीन, डांबर, पत्रे तापतात, गरम हवा वर चढू लागते आणि दुर्बिणीत सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलायला लागते. म्हणून वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले महिने. एप्रिल-मेमध्ये साडेसात ते नऊ, त्यापुढे माणसंच उभी राहत नाहीत.

जागा गवताची किंवा ओल्या मातीची बघा. काँक्रीटचं पटांगण आणि गच्ची टाळा. जळगावच्या मेहरूण तलावासारखं पाणी सूर्याच्या बाजूला असेल तर प्रतिमा जास्त स्थिर राहते. शाळेच्या मैदानावर अर्धा तास आधी पाणी शिंपडून घ्यावं. रांगेवर शेडनेट बांधा, पण दुर्बीण मोकळ्यात राहू द्या.

दुर्बीण 60 ते 80 मिमी भिंगाची, 700 मिमी नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) पुरते. 20 ते 25 मिमीचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावलं की 28 ते 35 पट वर्धन मिळतं आणि अख्खा सूर्य एका नजरेत मावतो. मोठी आरशाची दुर्बीण आणायचा हट्ट नको. दिवसाची हवा तिचा फायदा मिळू देत नाही.

खरा जीव फिल्टरमध्ये. तो दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे सूर्याकडच्या टोकालाच हवा. सोलर फिल्म घेताना घनता 5 असलेली घ्या. ती लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. 3.8 घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते, डोळ्यासाठी वापरू नका. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची छोटी काळी काच येते, ती सरळ टाकून द्या. एकवटलेल्या उन्हात ती तापून एकाएकी तडकते, आणि पलीकडे कुणाचा तरी डोळा असतो. एक्स-रे, काजळी धरलेली काच, सीडी यांचं तर नावच नको. ग्रहणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी आहे. तो घालून दुर्बिणीत बघितलं तर तो जळतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं काही तासांनी लक्षात येतं.

फिल्टर घरी असा करा:

1. जाड पुठ्ठ्याची 8 सेमी रुंद पट्टी नळीभोवती गुंडाळून कडं करा. घट्ट बसलं पाहिजे, पण काढता आलं पाहिजे.
2. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा. मधलं भोक भिंगाएवढं, कडेला 2 सेमी पट्टी.
3. फिल्म मऊ कागदावर पसरा. एका चकतीला डबल टेप लावून ती वरून अलगद टेकवा. फिल्म ओढू नका. थोड्या सुरकुत्यांनी प्रतिमा बिघडत नाही, ताणल्यावर बिघडते.
4. दुसरी चकती वर चिकटवून सगळं कड्याला पक्कं करा.
5. अंधाऱ्या खोलीत प्रखर बल्बसमोर धरून भोकं तपासा. सुईच्या टोकाएवढं एखादं असेल तर काळ्या रंगाचा ठिपका द्या. जास्त असतील किंवा चरा असेल तर फिल्म बदला. ही तपासणी दर कार्यक्रमाच्या सकाळी करायचीच.
6. दुर्बिणीवर चढवल्यावर दोन बाजूंनी टेप मारा. वावटळ विचारून येत नाही.

मुख्य नळीवर नेम धरायला बसवलेली छोटी शोधक दुर्बीण काढूनच ठेवा. नुसतं झाकण घातलं तर कुठलं तरी पोरगं ते काढतंच.

सूर्य धरायचा तो सावलीवरून. फिल्टर लावलेली नळी हलवत तिची जमिनीवरची सावली आखडत न्या. ती लहानात लहान झाली की सूर्य आयपीसमध्ये आलेला असतो. पृथ्वीच्या फिरण्याने तो दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, म्हणून चार-पाच जण झाले की दुर्बीण परत जुळवा. एका माणसाचा हात दुर्बिणीवर कायम हवा. चहाला जायचं असेल तर आधी दुर्बीण सूर्यापासून फिरवून झाकण लावा. दुसरा माणूस रांगेला, तिसरा सूर्याचं छापील चित्र समजावायला.

बघायला आलेले तिपाईला धरतात आणि सूर्य निसटतो. शेजारी खुर्ची ठेवा, तिची पाठ धरू द्या. डोक्यावरून काळं कापड घेतलं तर आजूबाजूचा उजेड त्रास देत नाही. रांगेतून "काय दिखस?" असं ओरडून विचारलं जातंच, पण बघणाऱ्याला नुसता पांढरा लाडू दिसत असतो. त्याला विचारा, काळा ठिपका कुठे आहे? मग नळीला हलकी टिचकी मारा. ठिपका सूर्याबरोबर हलला तर तो सौरडाग, म्हणजे सूर्यावरचा काळा डाग, जागेवर राहिला तर आयपीसमधली धूळ.

त्या दिवसाचं सूर्याचं उपग्रहचित्र छापून आणा. डायगोनल (आयपीसआधी प्रकाश वळवणारा आरसा) लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं उलटतं, म्हणून कागद पाठीमागून उजेडात धरून आणि थोडा फिरवून जुळवा. चित्रात सूर्य 10 सेमीचा असेल तर पृथ्वी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. तो दाणा डागावर ठेवून दाखवला की पुढे भाषणाची गरज राहत नाही.

डाग नसलेले दिवसही येतात. सौरचक्र, म्हणजे डाग वाढण्या-घटण्याचा फेरा, साधारण 11 वर्षांचं असतं आणि सध्याचं डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं, त्यामुळे येत्या काही वर्षांत असे दिवस वाढतील. तेव्हा कडेकडे मंद होत जाणारा प्रकाश दाखवा. जळगावला 25 मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या दिवशी दुपारी 12:25 च्या सुमाराला ओळंब्यात उभी केलेली काठी पुरते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त बारा अंगुळांच्या शंकूच्या (सावली मोजायच्या उभ्या काठीच्या) सावलीची गणितं आहेत, आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. काठी बारा अंगुळांचीच घ्या.

आवरताना क्रम चुकवू नका: आधी दुर्बीण सूर्यापासून फिरवा, मग फिल्टर काढा, मग झाकण लावा. फिल्टर डब्यात, फिल्मवर काही न टेकवता ठेवा.