राउंडच्या आधी वहीत काय लिहून ठेवाल

एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं, मेडिसिनच्या एम.डी.ची तीन, नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे किडनीच्या, डी.एम.ची आणखी तीन. एवढं शिकून सकाळी पेशंटच्या खाटेपाशी मी काय विचारतो? "काल लघवी किती झाली?" "चांगली झाली हो," असं उत्तर आलं की माझ्या हाती काही लागत नाही.

म्हणून घरचं माणूस किडनीच्या त्रासाने ॲडमिट झालं की आधी एक वही आणा. डाव्या पानावर पोटात गेलेलं, उजव्या पानावर बाहेर पडलेलं, दोन्ही वेळेसकट. चहा, पेज, गोळीबरोबरचं घोटभर पाणीसुद्धा लिहा. सलाईन किती गेलं ते सिस्टरना विचारा. तुमचा पेला एकदा मापून घ्या, रोज अंदाज नको. लघवी मापाच्या भांड्यात धरा. पेशंट परस्पर संडासात जाऊन आला तर 'एकदा, मोजली नाही' असं खरं लिहा. आकडा रचू नका. साठ किलोच्या माणसाला तासाला 30 मिली तरी व्हायला हवी. दिवसभरात 400 मिलीसुद्धा होईना, तर राउंडची वाट न बघता सिस्टरना गाठा.

वजन रोज सकाळी, चहाआधी, त्याच काट्यावर. रात्रीत किलोभर वाढलं तर ते लिटरभर पाणी समजा. जेवण अंगी लागलं म्हणून खूश होऊ नका.

आकड्यात न बसणारंही लिहा. डी.एम.च्या पहिल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून येणाऱ्या तापाचा, एक पेशंट होता. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) कालच्याइतकंच आलं, म्हणून मी सलाईन तसंच चालू ठेवलं. त्याची बायको म्हणाली, "डॉक्टर, यांची अंगठी काल बोटात फिरत होती, आज हलत नाही." मी मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेलो. संध्याकाळी त्याला इतका दम लागला की डायलिसिसला न्यावं लागलं. क्रिएटिनिन एखाद-दोन दिवस मागून येतं. अंगात पाणी साठतंय, हे अंगठीने सकाळीच सांगितलं होतं.

घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी आणा: गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, काढे, भस्मं, सगळं. मी ओरडणार नाही. (थोडा ओरडेन.)

भेटायला येणारा हटकून शहाळं आणतो. लघवी कमी असताना त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळं तुम्ही प्या, जागरण तुमचंच झालेलं असतं.

आजार जुना असेल तर पेशंट ज्या हाताने लिहीत नाही, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. उद्या डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन) करायची वेळ आली तर त्याच शिरा लागतात. सुई लावायला आलेल्याला दर वेळी आठवण करा. ड्युटी बदलली की नवा माणूस येतो.

तुमचे प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, सगळ्यात महत्त्वाचा सगळ्यात वर. आणि रात्री जागलेलं माणूस राउंड होईपर्यंत थांबवा. सकाळी ताजातवाना आलेला भाचा मला एवढंच सांगतो, "मी आत्ताच आलो."