डाइव्हमास्टर इंटर्नशिपला निघालात? आधी कानाचं बघा

आईला मी सांगितलं होतं, थायलंडला इंटर्नशिप मिळाली. तिने ते शेजारच्या काकूंना सांगितलं आणि काकूंनी लगेच विचारलं, "पगार किती?" हा प्रश्न मला अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून तिथूनच सुरू करते. पगार शून्य. पैसे आपण भरायचे, हवेचे टँक आपण उचलायचे, पाहुण्यांचे ओले वेटसूट आपण धुवायचे आणि शेवटी डाइव्हमास्टरचं, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगमधल्या गाइडचं, कार्ड घेऊन यायचं. परदेशी माणसाला थायलंडमध्ये काम करायला वर्क परमिट लागतं, ते ट्रेनीकडे नसतं. "महिन्याभराने थोडे हातावर ठेवू" असं कुणी फोनवर गोड बोललं, तर फोन ठेवून द्या.

ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू हा आधीच्या कोर्सचा क्रम तुम्हाला ठाऊक असणार. पॅडी ही डाइव्हिंगची कार्डं देणारी संस्था, तिच्या डाइव्हमास्टर कोर्सला बसायला लॉगबुकात नोंदलेले 40 डाइव्ह लागतात आणि कार्ड हातात पडायला 60. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण 24 महिन्यांच्या आतलं हवं, डॉक्टरच्या सहीचा मेडिकल फॉर्म 12 महिन्यांच्या आतला. माझं ओपन वॉटर तारकर्लीला झालं, पुढचं सगळं हॅवलॉकला. (अंदमानातलं, आता स्वराज द्वीप, पण डाइव्हवाल्यांच्या तोंडात हॅवलॉकच.) मालवणला गाइड पाठीमागून धरतो आणि माशांबरोबर फोटो काढून देतो, ती मजा जरूर करा, पण ते डाइव्ह लॉगबुकात मोजू नका. हसू नका, मोजणारे भेटलेत मला.

मी मिरजेची. कृष्णेच्या घाटावर वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पाण्यात सोडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यामुळे पाण्याची भीती नव्हती, पोहण्याची पद्धत मात्र अगदीच घाटावरची, मान वर आणि पाय धपाधप. डाइव्हमास्टरला 400 मीटर पोहण्याची परीक्षा असते. साडेसहा मिनिटांच्या आत आलात तर 5 गुण, 11 मिनिटांच्या पुढे गेलात तर 2. शिवाय 15 मिनिटं तरंगत राहणं, मास्क-फिन्स लावून 800 मीटर, 100 मीटर दुसऱ्या डाइव्हरला ओढत नेणं, आणि पाण्याखाली दोघांनी एकाच रेग्युलेटरवर, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासयंत्रावर, श्वास घेत सगळं सामान अदलाबदल करणं. ही यादी वाचून मी घाबरले आणि तीन महिने रोज पहाटे तरणतलावात सराव केला. परीक्षेत 10 मिनिटं 40 सेकंद लागली, 3 गुण मिळाले, विषय संपला. पोहण्यामुळे कुणाचं अडलेलं मी बघितलं नाही. माझं अडलं कानामुळे, आणि कानासाठी मी त्या तीन महिन्यांत काहीच केलं नव्हतं.

इथे जरा रेंगाळते, कंटाळा आला तरी वाचा.

पाण्याच्या वर एक वातावरणाइतका दाब असतो, 10 मीटरवर तो दुप्पट होतो. म्हणजे कानाच्या पडद्यामागची हवा पहिल्या 10 मीटरमध्येच निम्म्यावर येते. 20 वरून 30 मीटरवर जाताना ती एक तृतीयांशाची एक चतुर्थांश होते, तुलनेत किरकोळ फरक. म्हणून कानाला 30 मीटरचा डाइव्ह तेवढा जड जात नाही, जड जाते ती वरच्या पाच-सहा मीटरमधली ये-जा. फन डाइव्हर, म्हणजे मजेसाठी आलेला पाहुणा, सकाळी दोनदा खाली जातो आणि दोनदा वर येतो. ट्रेनी ओपन वॉटरच्या बॅचबरोबर असतो. कुणाचा कान क्लिअर होत नाही, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होत नाही, त्याला घेऊन तुम्ही वर. तो पुन्हा खाली, तुम्हीही खाली. दुसऱ्याच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, तो घाबरून वर सुटतो, तुम्ही त्याच्या मागे. मग बॉय (खुणेचा तरंगता गोळा) बांधायला खाली, विसरलेलं वजन आणायला वर. हॅवलॉकला माझे 40 डाइव्ह झाले तेव्हा मी 40 वेळा खाली गेले होते आणि एकदाही कान दुखला नव्हता. त्याच्या जोरावर मी स्वतःला "चांगल्या कानांची" समजत होते. इंटर्नशिप होती थायलंडच्या आखातातल्या कोह ताओ बेटावर, तिथे जॅपनीज गार्डन्सच्या उथळ पाण्यात मी एका सकाळीच सात वेळा खाली-वर केलं. कानातून नाकामागे जाणारी आतली नळी प्रत्येक वेळी थोडी सुजते. तुम्हाला ते कळत नाही, कारण दुखत नसतं. फक्त चौथ्या-पाचव्या वेळी 'टक्' आवाज यायला जरा जास्त जोर लागतो, आणि आपण तो लावतो.

नवव्या दिवशी मला सर्दी होती. एसीच्या डॉर्ममधली साधी, नाक चोंदलेलं. आमच्या डाइव्हिंगच्या दुकानात तीन हजार डाइव्हचं लॉगबुक मिरवणारा एक इन्स्ट्रक्टर होता. तो म्हणाला, "नाकात स्प्रे मार, सगळेच मारतात." मी मारला. नाक दोन मिनिटांत मोकळं, कान झकास. पहिला डाइव्ह उत्तम झाला. दुसऱ्या डाइव्हला एक मुलगी दोन मीटरवर अडकली, तिच्यासाठी पाच-सहा फेऱ्या झाल्या. शेवटी वर येताना साधारण पाच मीटरवर डाव्या डोळ्याच्या वर कुणी दाभण खुपसावी तसं झालं.

स्प्रे सूज बरी करत नाही, काही तास दाबून ठेवतो. त्याचा अंमल उतरला की सूज परत येते आणि तेव्हा तुम्ही खाली असता. सायनसमध्ये, कानात दाबाखाली भरलेली हवा वर येताना फुगत जाते आणि बाहेर पडायची वाट सुजून बंद झालेली असते. यालाच रिव्हर्स ब्लॉक म्हणतात. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं. वर येताना दुखलं तर कुठे जाणार? टँकमध्ये हवा थोडीच उरलेली, 60 बार. मी मीटरभर खाली गेले, थांबले, मग वीतभर वर, पुन्हा थांबले. वर पोचले तेव्हा मास्कच्या तळाशी चमचाभर रक्त होतं. जिला मी सांभाळत होते ती मुलगीच मला विचारत होती, बरी आहेस ना.

बेटावरच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी कानात कॅमेरा घालून कानाचा पडदा स्क्रीनवर दाखवला. पिकल्या जांभळासारखा झाला होता. दहा दिवस पाणी बंद. माझं पॅकेज सहा आठवड्यांचं, आणि बुडालेले दिवस पुढे वाढवून मिळणार नाहीत असं दुकानाने शांतपणे सांगितलं. मी लेखी विचारून ठेवलं नव्हतं. तुम्ही विचारा: आजारी पडले तर दिवस वाढतात का, पॅडीची अर्जाची फी आणि कोर्सची पुस्तकं पॅकेजमध्ये धरली आहेत की वेगळी? पुढे कार्डावर काम करायचं तर दरवर्षी नूतनीकरण आणि लायबिलिटी विमा हा खर्च आहेच.

घाबरवलं ना? आता ऐका. असे कान बहुतेक वेळा आपोआप बरे होतात, फक्त बरे होईपर्यंत पाण्यात जायचं नाही. माझे झाले. मात्र गरगरायला लागलं, कानात शिट्टी वाजत राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

निघण्याच्या दोन महिने आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि नुसतं "तपासा" म्हणू नका. सांगा की रोज आठ-दहा वेळा दाबात खाली-वर करायचंय, नाकाचं हाड वाकडं आहे का आणि कानाच्या नळ्या नीट उघडतात का ते बघा. मेडिकल फॉर्मवर दमा, सायनस, जुनी ऑपरेशनं खरी लिहा. "नाही" वर टिक करून वेळ वाचतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचा कान त्यांच्यापाशी, तुमचा तुमच्यापाशी.

नाक दाबून जोरात फुंकायची पद्धत आपण सगळे शिकतो, तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. नाक दाबून आवंढा गिळून बघा. नाक दाबून, तोंड न उघडता जिभेचा मागचा भाग 'क्' म्हणताना उचलतो तसा उचलून बघा. मला हे जमायला तीन आठवडे लागले, तेही कोह ताओला कोरड्यावर बसून. घरी भांडी घासतानाही करता येतं. पाण्यात पहिला 'टक्' वरच, डोकं बुडायच्या आधी. मग दर अर्ध्या मीटरला, दुखायची वाट न बघता. मीटर-दीड मीटर उशीर झाला की नळी बाहेरच्या दाबाने मिटून बसते, मग कितीही फुंका. तेव्हा वर यायचं. आणि कान जड वाटला तर इन्स्ट्रक्टरला "आज मला बॅचबरोबर नको, बोटीवर ठेवा" म्हणायचं. म्हणता येतं. मला वाटायचं, असं म्हटलं तर आपण कच्चे ठरू.

त्या दहा दिवसांत मी कंप्रेसरवर होते. टँक भरणारा माणूस म्यानमारचा होता, इंग्रजी चार शब्द. टँकच्या व्हॉल्व्हची रबरी रिंग नखाने चाचपून तो सांगायचा कोणती फुसफुसणार, आणि ती फुसफुसायचीच. बोटीवर टँक कसे बांधायचे, लाटेत शिडी कुणी धरायची, कोणता पाहुणा घाबरलाय हे त्याच्या चालण्यावरून कसं ओळखायचं, हे त्याने शिकवलं. त्याचा एकही डाइव्ह लॉगमध्ये नव्हता. तीन हजारवाल्याकडून मी एकच गोष्ट शिकले, ती वर लिहिली आहे.

शून्यापासून सुरू करून आठ आठवड्यांत डाइव्हमास्टर करून देणारी पॅकेजं असतात. मला ती पटत नाहीत. त्यात कार्ड मिळतं, पण त्या मुलांनी एकच समुद्र, एकच बोट आणि एकच इन्स्ट्रक्टर बघितलेला असतो. पैसे असतील तर आधीचे डाइव्ह दुसरीकडे करा, कर्नाटकातलं नेत्राणी असो, अंदमान असो. पैसे नसतील तर करा तेच पॅकेज, मी कोण अडवणार.

बाकीचं पटकन. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा घ्या, चष्मा असेल तर नंबरचा मास्क इथूनच करून न्या. विम्यात स्कूबा आणि प्रेशर चेंबरचा (डाइव्हनंतरच्या आजारावर उपचार करायची दाबाची खोली) खर्च आहे का ते वाचा, आपल्याकडच्या साध्या प्रवासी विम्यात बऱ्याचदा नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात आखातात पावसाचे दिवस, समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ, तेव्हा जाऊ नका. शाकाहारी असाल तर 'जे' (थाईत मांस-मासळीशिवायचं) हा शब्द शिका, नाहीतर भाजीतही फिश सॉस येतो. चुम्फॉन पिनॅकल या डाइव्हच्या जागी व्हेल शार्क दिसेल म्हणून रोज रात्री झोप घालवू नका. मला दिसला नाही.

परतीचं विमान नीट मोजून ठरवा. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात. बोटीने किनाऱ्यावरचं चुम्फॉन गाव आणि तिथून बँकॉकला जाण्यातच बरेच तास जातात, पण लोक तो हिशोब ताणून शेवटच्या सकाळीही उडी मारतात. मी शेवटचा दिवस कोरडाच काढला. रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुतले, लॉगबुकावर सह्या घेतल्या आणि आईने दिलेला मेतकुटाचा उरलेला डबा कंप्रेसरवाल्याला दिला. त्याने ते भातावर घालून खाल्लं आणि डबा धुऊन परत आणून दिला.