व्हिडिओ एन्कोड करताना दर्जा आणि वेग यांचा मेळ कसा घालावा

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) एक्स२६४ ठेवा, आवाज आहे तसाच जाऊ द्या. सरासरी बिटरेटच्या (सेकंदाला किती डेटा, त्या आकड्याच्या) नादी लागू नका, कॉन्स्टंट क्वालिटी निवडा. तिथल्या आरएफ पट्टीवर आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८०पीला मी २० वर सुरुवात करतो. साधारण ६ ने वाढवला की फाइल निम्म्यावर येते.

खरी मेख प्रीसेटमध्ये, म्हणजे एन्कोडरच्या वेगाच्या तयार पर्यायांमध्ये आहे. ‘प्रीसेट जितका स्लो तितकं चित्र सुंदर’ हा सल्ला मी खरा मानला आणि दोन तासांचं रेकॉर्डिंग प्लसीबो या सर्वांत स्लो प्रीसेटवर लावून झोपलो. सकाळी पंखा घोंघावत होता, लॅपटॉपला हात लाववत नव्हता आणि काम निम्मंही झालं नव्हतं. आरएफ तोच असेल तर स्लो प्रीसेटने मुख्यतः फाइल लहान होते, चित्रात फरक थोडाच पडतो. प्रोसेसरने किती राबायचं, एवढंच प्रीसेट ठरवतो. प्लसीबोला तर हातच लावू नका. व्हेरीस्लोपेक्षा वेळ भरमसाट जातो आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

म्हणून आधी एका मिनिटाची चाचणी घ्या, तीही सर्वांत अवघड मिनिटाची: उडणारं पाणी, हलती पानं, अंधारी खोली. माणूस नुसता बसून बोलतोय अशा तुकड्यावरून काहीही कळत नाही. मीडियमवर चालवा आणि खाली दिसणारा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघा. ३० एफपीएसच्या दोन तासांत २,१६,००० फ्रेम असतात. मशीन सेकंदाला १० फ्रेम उरकत असेल तर सहा तास धरा. तेवढा वेळ नसेल तर प्रीसेट फास्ट करा, आरएफ हलवू नका. फाइल थोडी फुगेल, फुगू द्या. अंधारात भिंतीवर चौकोन दिसले तरच आरएफ २ ने उतरवा. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने काय झालं, ते कधीच कळणार नाही. मी आठवडाभर हेच करत बसलो होतो.

एक्स२६५ हा नंतरचा एन्कोडर घेतलात तर हेच आकडे तसेच लावू नका, त्याची पट्टी वेगळी. चाचणी पुन्हा घ्या.

थेट प्रक्षेपणाचा हिशोब निराळा. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तिथे एनव्हेंक किंवा क्विक सिंक (ग्राफिक्स चिपमधले एन्कोडर) वापरा, नाहीतर एक्स२६४ व्हेरीफास्टवर ठेवा.

नवी फाइल शेवटपर्यंत पाहून होईतो मूळ फाइल पुसू नका.