औषधाच्या पट्टीवरचा क्यूआर स्कॅन करताय? मग या चुका टाळा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हल्ली बरीच मंडळी मोबाइल काढतात, पट्टीवर धरतात, स्क्रीनवर काहीतरी उमटलं की "ओरिजिनल आहे" म्हणून पट्टी खिशात टाकतात. काय उमटलं ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तरुण पोरं तर सगळ्यात उतावीळ. 'टुंग' असा आवाज आला की त्यांची तपासणी संपली.

आधी नियम काय आहे ते थोडक्यात. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती केली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. या ब्रँडची यादी म्हणजे औषध नियमांतलं परिशिष्ट, शेड्यूल एच-टू. डोलो, कॅल्पॉल, अलेग्रा, शेलकॅल अशी घराघरांतली नावं तिच्यात आहेत. कोड वाचल्यावर आठ गोष्टी दिसायला हव्यात: उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचं जेनेरिक (म्हणजे मूळ घटकाचं) नाव, ब्रँडचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्सपायरी आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक. आता चुकांकडे वळू.

स्कॅन झालं, म्हणजे माल खरा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्यूआर कोड हे एक चित्र आहे. ते जसंच्या तसं छापायला ना कंपनीची परवानगी लागते ना मोठी अक्कल. खऱ्या पट्टीचा फोटो काढून तो कोड हजार खोट्या पट्ट्यांवर छापला, तर त्या हजारही पट्ट्या तुमच्या फोनवर खऱ्या कंपनीचंच नाव दाखवतील.

आमच्या गल्लीतले एक काका ॲसिडिटीच्या गोळ्यांचा अख्खा डबा घेऊन आले होते. पुतण्याने शहरातून कुठूनतरी 'घाऊक भावात' आणून दिलेला. तक्रार एवढीच की गोळी पट्टीतून काढताना चुरा होते. मी पट्टी हातात घेतली तर काका आधीच तयारीत.

"स्कॅन केलंय मी. सगळं बरोबर येतंय. उगाच शंका नको."

"काका, स्क्रीनवर एक्सपायरी काय येतेय ती मोठ्याने वाचा बघू."

त्यांनी वाचली. मग मी पट्टीवर छापलेली वाचली. दोन्हींत जवळपास वर्षभराचा फरक. बॅच नंबर ताडून पाहिला, तोही वेगळा. काका थोडा वेळ पट्टीकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पहिला प्रश्न, "पुतण्याला सांगू का?" मी म्हटलं, आधी गोळ्या बंद करा, पुतण्याचं नंतर बघू. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की पट्टीवर छापलेल्या नंबरची बॅच त्यांनी काढलेलीच नाही.

झालं काय होतं? बनावट करणाऱ्याने खऱ्या पट्टीचं सगळं चित्र कोडसकट उचललं. बॅच आणि तारीख मात्र तो दरवेळी नवी टाकत होता, कारण जुन्या तारखेचा माल कोण घेणार? कोडमधली माहिती मात्र जुन्या बॅचचीच राहिली. हे बघायला ना प्रयोगशाळा लागते ना डिग्री. फक्त वाचावं लागतं.

माझी सवय सांगतो. स्कॅन केलं की तीनच गोष्टी पट्टीशी ताडायच्या: बॅच, एक्सपायरी, परवाना क्रमांक. नाव बघून उपयोग नाही, नाव तर चोर सगळ्यात आधी बरोबर छापतो. मग छपाई न्याहाळायची. बॅच आणि तारीख या गोष्टी पॅकिंग चालू असताना शेवटी छापतात, म्हणून त्यांची शाई रंगीत डिझाइनपेक्षा वेगळी दिसते. कोडमध्येच बॅच भरलेली असेल तर कोडही बहुधा त्याच शाईत, त्याच वेळी छापलेला असतो. कोड गुळगुळीत रंगीत डिझाइनचा भाग वाटतोय, पण वाचल्यावर ठरावीक एकच बॅच दाखवतोय, असं दिसलं की मी थांबतो. तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही, पण बिल मागायला तेवढं कारण पुरतं.

आणि सगळं जुळलं तर? तरीही हुरळून जाऊ नका. वरच्या आठ गोष्टींत 'प्रत्येक पट्टीला स्वतंत्र अनुक्रमांक' अशी अट नाही. एका बॅचच्या सगळ्या पट्ट्यांवर एकच कोड असू शकतो, आणि मग त्याच बॅचची हुबेहूब नक्कल केली तर सगळं जुळणारच. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक असतो. औषध देताना फार्मासिस्ट तो क्रमांक यंत्रणेत बाद करतो, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या दुकानात वाचला गेला की लगेच इशारा येतो. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या फोनमागे अशी कुठली यंत्रणा उभी नाही. आपला कोड आळशी चोर पकडतो, हुशार चोर नाही.

कोड खरा, म्हणून औषध चांगलं

बनावट औषध आणि निकृष्ट औषध हे दोन वेगळे गुन्हे आहेत. कोड झालाच उपयोगी तर पहिल्यासाठी. ऑक्टोबर २०२५ मधलं कोल्ड्रिफ खोकल्याच्या औषधाचं प्रकरण आठवा. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं दगावली, काहींवर नागपुरात उपचार चालू होते. एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. ती बाटली कुणी नक्कल केलेली नव्हती. तमिळनाडूतल्या कांचीपुरमच्या परवानाधारक कारखान्यातूनच ती बाहेर पडली होती. तिच्यावर क्यूआर असता तर त्याने नाव, बॅच, परवाना सगळं अगदी खरं दाखवलं असतं. तिथे उपयोगी पडला तो फक्त बॅच नंबर, कारण महाराष्ट्राच्या एफडीएनेही (अन्न व औषध प्रशासनाने) इशारा दिला तो त्या नंबरानेच.

म्हणून बॅच नंबर कोडपेक्षा मोठा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाहीन आणि बनावट निघालेल्या औषधांची बॅचनिहाय यादी संकेतस्थळावर टाकते. कायमची औषधं चालू असणाऱ्यांनी महिन्यातून एकदा ती चाळावी. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण रोज दहा रील बघायला वेळ मिळतोच ना?

पट्टी कापून घेणं, बिल न घेणं

यावर माझं गिऱ्हाइकांशी कायम भांडण. "चारच गोळ्या द्या" इथपर्यंत ठीक. पण पट्टीवर बॅच आणि एक्सपायरी बहुतेक वेळा एकाच टोकाला छापलेली असते आणि कोडही एकाच जागी. काउंटरवरच्याने घाईत नेमकं ते टोक कापून तुम्हाला दिलं, तर उरलेली पट्टी दुकानात निनावी पडून राहते. उलटं कापलं तर तुमच्या हातात चार निनावी गोळ्या येतात. उद्या अंगावर पुरळ उठलं तर काय दाखवणार? पांढरी गोल गोळी?

मी नेहमी छापील टोक शेवटपर्यंत राखून दुसऱ्या बाजूने कापतो आणि सुट्या गोळ्या मागणाऱ्याच्या बिलावर बॅच लिहून देतो. "बिल कशाला, चार गोळ्यांचं?" असं म्हणणाऱ्यालाही देतो. लोकांना ते ताणल्यासारखं वाटतं. वाटू दे. बिल ही एकच गोष्ट अशी आहे की जी माल कुठून आला ते सांगते. गिऱ्हाइकाचं बिल माझ्यापर्यंत, माझं बिल स्टॉकिस्टपर्यंत (मला माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत), त्याचं कंपनीपर्यंत. ही साखळी मध्येच तुटली की कोड कितीही चकचकीत असला तरी त्याची किंमत शून्य.

घाऊक पातळीवर साखळी तुटली की काय होतं ते नागपुरात दिसलं. २०२३-२४ मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत औषधच नव्हतं आणि लेबलवर जिचं नाव होतं ती गुजरातची कंपनीच अस्तित्वात नव्हती. तिथे कोडचा प्रश्नच नव्हता. पुरवठादाराने माल कुठून उचलला, हे वेळेत कुणी खोदून विचारलं नाही.

घसघशीत सवलतीबद्दल एकच वाक्य. किरकोळ दुकानदाराला मिळणारं मार्जिन, म्हणजे विक्रीतला त्याचा वाटा, मर्यादित असतो, त्याच्याहून जास्त सवलत ब्रँडेड औषधावर कुणी देत असेल तर ती कुठून येते हे त्यालाच विचारा.

कोड नाही, म्हणून बनावट

ही उलटी घाई. सक्ती ३०० ब्रँडना आहे, बाजारात औषधं हजारोंनी आहेत. शिवाय पट्टीवर जागा पुरत नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर चालतो, आणि खोकं तर दुकानातच राहतं. ते मागून बघा. चांगलं औषध गटारात ओतून डोस चुकवू नका.

८९० बघून खूश होणं

बारकोडची सुरुवात ८९० ने झाली म्हणजे माल भारतात बनला आणि अस्सल आहे, असा फॉरवर्ड फिरतो. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की कंपनीने क्रमांक भारतीय संस्थेकडून घेतला. छापायला तो कुणालाही येतो.

लिंक उघडली, पण पत्ता वाचला नाही

काही कोड संकेतस्थळावर नेतात. पत्ता कंपनीचाच आहे का, की एखादं अक्षर इकडेतिकडे करून बनवलेला आहे, ते आधी वाचा. हिरवी टिक कुठल्याही पानावर लावता येते. पान नुसती जाहिरात दाखवत असेल आणि बॅच कुठेच नसेल, तर तुमची तपासणी झालेलीच नाही. आणि शंका आली तर त्याच पट्टीवर छापलेल्या नंबरावर फोन करू नका. खोट्या पट्टीवर नंबरही खोटा असू शकतो. कंपनीचा नंबर दुसरीकडून शोधा.

स्क्रॅच कोडची गंमत

जिमच्या पोरांच्या प्रोटीन पावडरवर हा असतो. चांदीचा थर खरवडलेला डबा घ्यायचा नाही, विषय संपला. कोड एकदाच चालणारा असेल तर दुसऱ्यांदा टाकल्यावर 'आधीच तपासला आहे' असं येणारच. हौसेने तीनदा टाकून मग "फसवलं" म्हणून ओरडू नका. पहिल्याच वेळी तसं आलं तर मात्र डबा परत.

सोन्याच्या बाबतीतही लोक अशीच अर्धवट तपासणी करतात. हॉलमार्कसोबत दागिन्यावर कोरलेला एचयूआयडीचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकतात आणि नुसती शुद्धता बघतात. तिथे दागिन्याचा प्रकारही येतो. ॲप अंगठी म्हणतंय आणि हातात साखळी आहे, तर क्रमांक उचललेला आहे.

कोड वाचलाच जात नाही

बहुतेक वेळा दोष मालाचा नसून चमकणाऱ्या फॉइलचा असतो. फ्लॅश बंद करा, पट्टी सपाट धरा, थोडी तिरकी करा. तरी नाही तर फोटो काढून त्या फोटोवरून स्कॅन करा. तीन कोपऱ्यांत चौकोन नसलेला, दोन कडांना काळी रेघ असलेला कोड दिसला तर तो डेटामॅट्रिक्स. अनेक फोनचा साधा कॅमेरा तो वाचत नाही, वेगळं स्कॅनर ॲप लागतं. 'सगळ्या औषधांचं खरंखोटं सांगणारं' ॲप मात्र उतरवू नका, असं कुठलंही एक ॲप नाही. गोळी पाण्यात विरघळवून बघण्याचे व्हिडिओही सोडा. किती वेळात विरघळायचं हे प्रत्येक गोळीचं वेगळं असतं.

शंका आली की फेकून देणं

रागाने पट्टी कचऱ्यात टाकली की पुरावा गेला. गोळ्या घेणं थांबवा, डॉक्टरांना विचारून त्याच औषधाची दुसरीकडची पट्टी लगेच सुरू करा आणि संशयित पट्टी, खोकं, बिल एका पाकिटात ठेवा. दुकानदाराला बिल दाखवून बॅच विचारा. महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. औषधाने त्रास झाला असेल तर त्याची नोंद १८०० १८० ३०२४ वर करता येते. आणि १९४० च्या औषध कायद्यातलं कलम २६ लक्षात ठेवा: ठरलेली फी भरून कुणीही स्वतः विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं. त्यासाठी वकील लागत नाही. न उघडलेल्या काही गोळ्या मात्र शिल्लक लागतात, म्हणून शेवटची गोळी 'बघू तरी' म्हणून गिळू नका.