वायफाय जोडलंय, पण नेट नाही? आधी त्या उपकरणाचा पत्ता बघा

घरातले बाकी मोबाइल मजेत चालू आहेत आणि एकट्या टीव्हीला, लॅपटॉपला किंवा प्रिंटरला नेट नाही, अशा वेळी काय करायचं ते सांगतो. सगळ्या घराचं नेट गेलं असेल आणि फायबरच्या डबीवर लाल दिवा लागला असेल, तर घरात काही खटपट करू नका, नेटवाल्याला फोन लावा.

राउटर एकदा बंद करून चालू केला असेलच. त्यापुढे कुणी ‘रीसेट मार’ म्हणालं तर अजिबात ऐकू नका. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली की राउटरमधलं सगळं पुसलं जातं. त्यात नेटवाल्याने भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही जाऊ शकतात. एका टीव्हीपायी अख्खं घर बंद पडतं आणि माणूस येईपर्यंत वाट बघावी लागते.

त्याऐवजी दोन आकडे शोधा: आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्या उपकरणाचा क्रमांक) आणि गेटवे (ज्याच्यातून नेटवर बाहेर जायचं त्या राउटरचा पत्ता). अँड्रॉइडवर वायफायच्या नावाशेजारच्या दातेरी चाकात, विंडोजमध्ये जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि टीव्हीवर नेटवर्क स्टेटसमध्ये ते मिळतात. बिघडलेल्या उपकरणाचे आणि चालणाऱ्या मोबाइलचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. तोंडी लक्षात ठेवू नका, एका आकड्याची गफलत तासभर फिरवते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, उपकरणाने तो स्वतःच घेतलाय. नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. तरीही नाही जमलं तर राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी, लावलाय का ते बघा. ही यादी उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकावरून चालते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक पत्ता लपवतात, त्यामुळे जुन्या यादीतला मोबाइलही अडवला जातो.

गेटवे वेगळा दिसला, तर घरात दुसरा राउटर आहे. इथे मी दोन दिवस घालवले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

नेरूळच्या आमच्या सिडकोच्या घरात हॉलमधल्या राउटरचा सिग्नल आतल्या खोलीत पोहोचत नव्हता. मी जुना राउटर काढला, हॉलमधून केबल ओढली आणि त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं केबलने जोडायच्या खाचेत) खुपसली. वायफाय दिसायला लागलं. पण लॅपटॉप सकाळी चालायचा, संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी बाबांचा टीव्ही बंद आणि लॅपटॉप चालू. मी केबल बदलली, नेटवाल्याशी वाद घातला, आणि दोष माझाच होता.

उपकरण नेटवर्कला जोडलं जाताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्यांना मारतं आणि साधारणपणे जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतं. पत्ते वाटायच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. एका घरात ते एकाच राउटरने करायचं असतं. माझा जुना राउटर १९२.१६८.०.१ हा स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून देत होता आणि त्याच्याकडून बाहेर जायला वाटच नव्हती. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आणखी वाईट, कारण कागदावरचे आकडे सारखेच दिसतात. तशी शंका आली तर जुना राउटर बंद करा आणि उपकरण पुन्हा जोडा. नेट लागलं तर चोर सापडला.

आता दुरुस्ती, आणि याच क्रमाने करा. जुन्या राउटरची हॉलकडून येणारी केबल काढा. लॅपटॉप फक्त त्यालाच केबलने जोडा. ब्राउझरमध्ये त्याचा सध्याचा पत्ता टाकून लॉगिन करा आणि आधी त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर). लॅपटॉपची केबल काढून परत लावा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी बंद करा. मी पहिल्यांदा उलटं केलं आणि त्या राउटरमध्ये परत शिरताच येईना. शेवटी हॉलची केबल लॅन पोर्टमध्येच लावा, वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट (बाहेरून येणाऱ्या नेटचा) रिकामा ठेवा. मुख्य राउटरमध्ये पत्तेवाटप १९२.१६८.१.१० च्या पुढून सुरू करा, नाहीतर तो .२ हा पत्ता एखाद्या मोबाइललाही देऊन टाकेल. जुन्या राउटरच्या पाठीवर नवा पत्ता लिहून चिकटवा, सहा महिन्यांनी तो आठवत नाही. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वायफाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर एवढं काही करायला नको, तोच वापरा. त्या मोडमध्ये केबल कुठल्या पोर्टमध्ये लावायची ते मात्र त्याच्या पुस्तिकेत बघा.

दोन्हीकडचे आकडे ठीक असतील आणि जुना राउटर घरात नसेल, तर लॅपटॉपवरून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping 8.8.8.8 लिहून उत्तर येतंय का बघा. उत्तर आलं आणि तरीही वेबसाइट उघडत नसेल, तरच डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बदला. ‘डीएनएस बदल’ हा सल्ला पहिल्याच पायरीला देणाऱ्याने आकडे पाहिलेलेच नसतात.

टीव्ही जोडलेला दाखवतोय पण एकही ॲप उघडत नसेल, तर त्याची तारीख बघा. वीज जाऊन आल्यावर काही टीव्ही जुनी तारीख धरून बसतात आणि मग सुरक्षित जोडणी नाकारली जाते. तारीख-वेळ हाताने बरोबर करा आणि ॲप पुन्हा उघडा.