अर्थशास्त्र-स्टॅटच्या जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर कसा वाचायचा

पॉवरलूम, चादर-टॉवेल, विडी कामगार असे विषय घेऊन सोलापुरात पीएचडी करणारे बरेच जण आहेत आणि पेपर तयार झाला की गाईडपासून मित्रांपर्यंत सगळे एकच विचारतात, जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर किती? विचारा की, पण तो आकडा निघतो कसा ते आधी बघा.

2024 चा इंपॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलमध्ये 2022 आणि 2023 ला जे छापून आलं त्याला 2024 मध्ये किती सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. समजा पेपर 100 आणि सायटेशन्स 300, तर आकडा 3. याचा अर्थ प्रत्येक पेपरला तीन मिळाली असा नाही हं, मोजकेच पेपर बहुतेक सायटेशन्स ओढून नेतात आणि बाकीच्यांना एखादं नाहीतर तेही नाही.

खरी गोम त्या दोन वर्षांत आहे. आपल्या विषयात पेपर रिव्ह्यूमध्येच वर्ष-दोन वर्षं अडकतो, म्हणजे तुमचा पेपर वाचून कुणी लगेच लिहायला बसलं तरी त्याचं छापून येईपर्यंत मुदत संपलेली असते. 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' घ्या, 1919 पासूनचं हार्वर्डचं जर्नल. अर्थतज्ज्ञ सॅम्युअल्सनचा सार्वजनिक खर्चावरचा पेपर 1954 ला यातच आला, सोलोचा तांत्रिक बदलावरचा 1957 ला, हे दोन्ही पेपर लोक आजही सायट करतात आणि त्यातलं एकसुद्धा सायटेशन आजच्या इंपॅक्ट फॅक्टरमध्ये धरत नाहीत! मला हे फार खटकतं.

म्हणून पाच वर्षांचा इंपॅक्ट फॅक्टर बघा, आणि शेजारी सायटेड हाफ-लाइफ (जर्नलला मिळालेल्या सायटेशन्सपैकी निम्मी किती वर्षांपर्यंतच्या पेपरना आहेत तो आकडा) दिलेली असते तीही बघा, ती मोठी असेल तर जुने पेपर अजून वाचले जातायत. तुलना अर्थशास्त्राच्या यादीतच करायची, मेडिकलच्या जर्नलशी नाही, क्यू-वन क्यू-टू (विषयाच्या यादीचे चार भाग, क्यू-वन सगळ्यात वरचा) त्यासाठीच असतं. इंपॅक्ट फॅक्टर काढणारी कंपनी म्हणजे क्लॅरिव्हेट, तिच्या रिपोर्टला सबस्क्रिप्शन लागतं, लायब्ररीत विचारून बघा. नसेल तर सिमॅगोची जर्नल-क्रमवारी, स्कोपस डेटाबेसचा साइटस्कोर आणि अर्थशास्त्राच्या पेपरांची साइट रेपेक फुकट आहेत, फक्त साइटस्कोर चार वर्षांच्या सायटेशन्सवर काढलेला असतो, तो इंपॅक्ट फॅक्टरशेजारी ठेवून तुलना करू नका.

आणि ते "चार दिवसांत पब्लिश, हाय इंपॅक्ट फॅक्टर" वाले ईमेल येतात ना, त्यांना पैसे भरू नका प्लीज. खरा आकडा क्लॅरिव्हेटच देतं, दरवर्षी जूनच्या सुमाराला. जर्नलचा आयएसएसएन नंबर (प्रत्येक जर्नलचा ओळख-क्रमांक) त्यांच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये टाका, तिथं बघायला पैसे लागत नाहीत. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादीसुद्धा 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता ही तपासणी आपली आपणच करायची.

एवढं झाल्यावर स्वतःच्या पेपरची संदर्भसूची उघडा आणि कुठल्या जर्नलचं नाव सारखं येतंय ते मोजा, तुमचा वाचक बहुधा तिथंच आहे, आधी तिथं पाठवा.