नवी स्पोर्ट्स कार आली की तिची स्पेक शीट कशी वाचायची

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण कर्वेनगरला एका अमृततुल्यवर जमतो आणि तासभर फक्त गाड्यांवर बोलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्शची नवी ९११ टर्बो एस आली, त्याच्या पुढच्याच रविवारी एक मित्र येता येताच म्हणाला, "७११ पीएस! आता जीटी३ चा विषय संपला." (पीएस म्हणजे पॉवर मोजायचं एकक, आणि जीटी३ म्हणजे ९११ चीच ट्रॅककडे झुकलेली आवृत्ती.) दुसऱ्याने काही न बोलता मोबाईल पुढे केला. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर, ज्याला आम्ही नुसतं रिंग म्हणतो, टर्बो एसचा एका लॅपचा टाइम ७ मिनिटं ३.९२ सेकंद, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या जीटी३ ने मारलेला ६ मिनिटं ५६.२९४, तोही मॅन्युअल गिअरबॉक्सवर आणि दोन्ही वेळेला स्टिअरिंगवर तोच माणूस, यॉर्ग बर्गमायस्टर. म्हणजे ५१० पीएसची गाडी ७११ पीएसवालीपेक्षा साडेसात सेकंदांनी पुढे. मग दीड तास वाद झाला आणि मला तेव्हा खरंच वाटलं की आपण सगळे पॉवरचा आकडा आधी वाचतो आणि बाकीचं वाचतच नाही. तर मी नवीन गाडीची माहिती आली की काय काय आणि कुठल्या क्रमाने बघतो ते इथे सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

सगळ्यात आधी एकक बघा. माझा एक मित्र मिशिगनला असतो, तो एचपीमध्ये बोलतो, दुसरा स्टुटगार्टला, तो पीएसमध्ये, इटालियन कंपन्या सीव्ही लिहितात आणि आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये बीएचपी. पीएस आणि सीव्ही एकच, पण अमेरिकन एचपी थोडा मोठा असतो, साधारण दीड टक्क्याने. म्हणून तीच टर्बो एस अमेरिकेत ७०१ एचपी होते, आणि कॉर्व्हेट झेडआर१ चे १०६४ एचपी आपल्या हिशोबात १०७९ पीएस. मी सरळ किलोवॅट बघतो आणि १.३६ ने गुणतो, की पीएस आले. दोन गाड्या वेगवेगळ्या एककात ठेवून भांडलात तर १०-१५ पीएस असेच हवेत जातात.

हायब्रिड असेल तर मात्र जरा थांबा. इंजिनचे इतके, मोटरचे इतके, केली बेरीज, असं चालत नाही. लॅम्बोर्गिनी टेमेरारिओ घ्या. ४ लिटरचा ट्विन टर्बो व्ही८, १०,००० आरपीएमपर्यंत फिरतो, एकट्याचे ८०० सीव्ही. त्यावर तीन मोटर, प्रत्येक १५० सीव्हीची. बेरीज केली तर १२५० होतात, पण कंपनी एकूण ९२० सांगते, आणि तेच बरोबर आहे, कारण बॅटरी फक्त ३.८ किलोवॅट अवरची आहे आणि तेवढ्या बॅटरीतून तिन्ही मोटरना एकदम पूर्ण करंट देता येत नाही. फेरारी २९६ जीटीबीमध्ये उलट, ६६३ आणि १६७ मिळून बरोबर ८३०, तिथे बेरीज जमते. त्यामुळे शीटवर "एकूण" किंवा "सिस्टीम" लिहिलेला आकडा शोधायचा, स्वतः बेरीज करत बसायचं नाही.

आणि हायब्रिड म्हटलं की नाक मुरडू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. २०२४ मध्ये ९११ कॅरेरा जीटीएस हायब्रिड झाली तेव्हा मीही नाराज झालो होतो, पण आत काय केलंय ते वाचल्यावर मत बदललं. बॅटरी फक्त १.९ किलोवॅट अवरची, गाडी विजेवर गावात फिरावी म्हणून दिलेलीच नाही. टर्बोच्या दोन चाकांमध्ये, म्हणजे एक्झॉस्टने फिरणारं आणि हवा ढकलणारं यांच्या मध्ये, एक छोटी मोटर बसवली आहे. आपण पाय दाबला की एक्झॉस्टचा जोर यायची वाट न बघता ती मोटर टर्बो फिरवायला लागते, आणि एक्झॉस्टचा जोर जास्त झाला की तीच मोटर जनरेटर होऊन ११ किलोवॅटपर्यंत वीज परत देते. दोनाच्या जागी एकच टर्बो पुरला. गाडी जुन्या जीटीएसपेक्षा ५० किलोने जड झाली, तरी रिंगवर ८.७ सेकंदांनी लवकर आली, ७ मिनिटं १६.९३४.

आता वजन. माझ्या मते शीटवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि सगळ्यात जास्त गोलमालही इथेच होते, म्हणून इथे वेळ घालवा.

वजन मोजायच्या तीन पद्धती डोक्यात ठेवा. ड्राय वेट म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीच न धरता. डीआयएन म्हणजे सगळे द्रव भरलेले, टाकी ९० टक्के भरलेली, पण ड्रायव्हर नाही. आणि ईयू म्हणजे त्यावर ड्रायव्हर आणि सामानाचे ७५ किलो. इटालियन कंपन्यांना ड्राय वेट फार आवडतं, टेमेरारिओचे १६९० किलो ड्राय आहेत आणि २९६ जीटीबीचे १४७० सुद्धा ड्रायच. फरक किती पडतो ते मॅक्लारेन आर्टुरावर छान दिसतं, कारण त्यांनी दोन्ही आकडे दिले होते, कमीत कमी ड्राय १३९५ किलो आणि डीआयएन १४९८. शंभर किलोपेक्षा जास्त फरक, गाडी तीच! आता कुणी टेमेरारिओचं ड्राय वजन ९११ च्या डीआयएन वजनासमोर ठेवून "बघ फार फरक नाही" म्हणाला तर त्याला प्रेमाने थांबवा.

योग्य वजन मिळालं की भागाकार करा. पीएस भागिले टनातलं वजन. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे. बीएमडब्ल्यूची नवी एम५, ७२७ पीएस, वजन २४३५ किलो, म्हणजे टनामागे २९९ पीएस. जीटी३, ५१० पीएस, वजन १४२० पासून, म्हणजे ३५९. कॅरेरा जीटीएस ५४१ आणि १५९५, म्हणजे ३३९. टर्बो एस ७११ आणि १७२५, म्हणजे ४१२. बघा, एम५ चे २१७ पीएस जास्त असूनही ती जीटी३ च्या मागे पडली. एम५ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पाच माणसं आणि सामान घेऊन असं पळणारी गाडी बनवणं सोपं नाही, पण ती वेगळ्या कामाची गाडी आहे.

पण थांबा, टर्बो एसचे ४१२ म्हणजे ती जीटी३ च्या खूप पुढे हवी होती ना? सरळ रस्त्यावर ती पुढेच आहे, ०-१०० ला २.५ सेकंद, पीडीके म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या जीटी३ ला ३.४. रिंगवर मात्र वळणं असतात आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक मारावा लागतो. तीनशे किलो जास्त वजन प्रत्येक वेळी थांबवायचं, प्रत्येक वेळी वळवायचं, आणि टायरवरचा ताण प्रत्येक लॅपला साठत जातो. शिवाय जीटी३ चा मागचा पंख, पुढचं डबल विशबोन सस्पेन्शन, सगळं वळणात चिकटून राहण्यासाठीच केलंय. म्हणून भागाकार फक्त सरळ रस्त्याचं उत्तर देतो हे विसरू नका, वळणासाठी किलोचा आकडा नुसता वेगळा बघायचा.

०-१०० वर मी फार थांबत नाही. दोनच गोष्टी तपासा. पहिली, ०-१०० किलोमीटर आहे की ०-६० मैल, कारण ६० मैल म्हणजे ९६.५ किलोमीटर, शेवटचे साडेतीन किलोमीटर सोडून दिले की दहावा हिस्सा सेकंद तरी वाचतो. दुसरी, रोलआउट वजा केलाय का. अमेरिकन ड्रॅग स्ट्रिपची, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीची, पद्धत अशी की गाडी पहिला एक फूट सरकेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, त्यात साधारण पाव सेकंद गळतो. युरोपियन कंपन्या बहुतेक वेळा तो पहिला फूटही वेळेत धरतात. त्यामुळे २.३ आणि २.५ मध्ये जिंकलं कोण हे खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय त्यावर ठरतं. त्यात परत ड्रॅग स्ट्रिपवर चिकट थर मारलेला असेल तर टायर रस्त्यावर मिळणार नाही अशी ग्रिप पकडतात.

रिंगचा टाइम हा मात्र माझा जीव की प्राण. नुर्बुर्गरिंग नॉर्डश्लाइफ १९२७ पासून आहे आणि गाडीचं सगळं तिथे उघडं पडतं, चढ, उतार, उड्या, खराब डांबर, मध्येच ओला पॅच. पण इथेही आधी विचारा की किती किलोमीटर. आधी बऱ्याच कंपन्या २०.६ किलोमीटर मोजायच्या, म्हणजे टी१३ स्टँडसमोरचा सरळ तुकडा सोडून. २०१९ पासून अधिकृत टाइम पूर्ण २०.८३२ किलोमीटरचा. २०२१ ला आधीच्या जीटी३ ने एकाच लॅपमध्ये दोन्ही टाइम दिले होते, २०.६ ला ६ मिनिटं ५५.३४ आणि पूर्ण लॅपला ६ मिनिटं ५९.९२७. फक्त २३२ मीटरसाठी साडेचार सेकंद! आता समजा कुणी जुन्या गाडीचा ५५.३४ आणि नव्या जीटी३ चा ५६.२९४ शेजारी ठेवला तर त्याला वाटेल नवीन गाडी हळू झाली. प्रत्यक्षात ती साडेतीन सेकंदांनी लवकर आहे आणि तेही मॅन्युअलवर, तर जुना टाइम पीडीकेचा होता. हा गोंधळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता टाइम ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारतो.

मग टायर. २०२१ च्या त्या लॅपला मिशलिनचे कप २ आर होते, जे रस्त्यावर चालवायला परवानगी असलेले पण ट्रॅकसाठीच बनवलेले टायर आहेत. ते गाडीसोबत मिळतात की ऑप्शन आहे की फक्त रेकॉर्डपुरते घातले होते, हे बघितल्याशिवाय तुलना करू नका. मग गाडी नक्की कुठली. शाओमीच्या एसयू७ अल्ट्राचा प्रोटोटाइप ऑक्टोबर २०२४ मध्ये ६ मिनिटं ४६.८७४ ला आला, आणि विकत मिळणारी गाडी २०२५ मध्ये ७ मिनिटं ४.९५७ ला. नाव तेच, मध्ये अठरा सेकंद. ७ मिनिटं ४ हाही चार दरवाजांच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी जबरदस्त टाइम आहे, पण गप्पांमध्ये लोक ४६ वाला फेकतात.

आणि ड्रायव्हर कोण. फोर्ड मस्टँग जीटीडीचा ऑगस्ट २०२४ चा ६ मिनिटं ५७.६८५ डर्क म्युलर या व्यावसायिक रेसरने मारला. २०२५ च्या उन्हाळ्यात शेवरलेने तीन कॉर्व्हेट रिंगवर नेल्या आणि स्टिअरिंग स्वतःच्या इंजिनिअर्सच्या हातात दिलं. झेड०६ ७ मिनिटं ११.८२६, झेडआर१ ६ मिनिटं ५०.७६३, झेडआर१एक्स ६ मिनिटं ४९.२७५. मला हे फार आवडलं, ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच चालवली. आता यातले शेवटचे दोन टाइम परत वाचा. झेडआर१एक्सला पुढच्या चाकांवर १८६ एचपीची मोटर जास्त आहे, एकूण १२५० एचपी, चारही चाकांना ताकद, आणि फायदा दीड सेकंदाचा. झेड०६ वरून झेडआर१ वर जाताना ६७० चे १०६४ एचपी झाले तेव्हा एकवीस सेकंद मिळाले होते. हजाराच्या पुढे गेल्यावर नुसत्या पॉवरने फार काही हाती लागत नाही, आणि मोटरचं वजन तर सोबत येतंच.

भारतात येणारी गाडी असेल तर अजून थोडं. किंमत एक्स-शोरूम सांगतात, टेमेरारिओ एप्रिल २०२५ मध्ये ६ कोटी एक्स-शोरूमला लाँच झाली, त्यावर ऑप्शन, विमा आणि रोड टॅक्स वेगळा, आपल्या महाराष्ट्रात त्या टॅक्सची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. पुढचा अ‍ॅक्सल उचलायची सोय, म्हणजे फ्रंट लिफ्ट, आहे का ते नक्की बघा, आपल्या सोसायट्यांच्या स्पीड ब्रेकरवर तिच्याशिवाय पुढचा ओठ घासणारच. पेट्रोल किती ऑक्टेनचं लागतं तेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

हे सगळं झालं की मी त्या लॅपचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीच्या आतून घेतलेला, व्हिडिओ लावतो, मोठ्या स्क्रीनवर, हेडफोन घालून, आणि कोपऱ्यातल्या टाइमरकडे बघतच नाही. ड्रायव्हरच्या हातांकडे बघतो. नव्या जीटी३ च्या लॅपमध्ये इंजिन ९००० पर्यंत ओरडत जातं, मग उजवा हात स्टिअरिंग सोडून गिअरवर जातो, त्या क्षणी एकाच हातात गाडी असते, आणि तरीही ती हलत नाही. वळणात शिरल्यावर हात किती वेळा दुरुस्ती करतात ते मोजा. कमी हलले म्हणजे पुढची चाकं खरं बोलतायत. बाहेर पडताना गॅस एका दमात दिला की दोनदा सोडून परत दिला तेही ऐकू येतं, त्यावरून मागची ग्रिप कळते. नंतर त्याच वळणाचा टर्बो एसचा व्हिडिओ लावा आणि ब्रेक कुठे दाबला जातो ते बघा. आम्ही त्या रविवारी टपरीवर हेच केलं, दोन मोबाईल शेजारी ठेवून, आणि ७११ वाला मित्र स्वतःच म्हणाला, "अरे ही आधी ब्रेक मारतेय."